जंगलाचा जमाखर्च

संसाराचा जमाखर्च चुकीचा लिहिला, तर घरात दारिद्र्य आले तरी वहीत शिल्लक दिसत राहते. भारतातील वाघांच्या बाबतीत अनेक वर्षे असेच घडले. ही वही शास्त्रशुद्ध रीतीने लिहिली जावी असा आग्रह धरणाऱ्यांत डॉ. उल्लास कारंत यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

१९४८ साली कर्नाटकात जन्मलेले कारंत शिक्षणाने अभियंते होते. काही काळ त्यांनी शेतीही केली. पुढे अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठात त्यांनी वन्यजीवशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतले आणि नागरहोळेच्या अरण्यात संशोधन आरंभिले. १९९० मध्ये त्यांनी तेथील वाघांना रेडिओ कॉलर लावून त्यांच्या हालचालींचा मागोवा घेण्यास सुरुवात केली.

त्या काळी व्याघ्रगणना पंजांच्या ठशांवरून होत असे. प्रत्येक वाघाचा ठसा वेगळा असतो आणि सरावलेल्या नजरेला तो ओळखू येतो, असे मानले जाई. परंतु एकाच वाघाचा ठसा चिखलात एक, तर वाळूत दुसराच दिसतो. हा केवळ तर्क आहे, मोजमाप नव्हे, असा कारंत यांचा आक्षेप होता.

त्यांनी आक्षेपासोबत पर्यायही दिला. वाघाच्या अंगावरील पट्टे माणसाच्या बोटांच्या ठशांप्रमाणे एकमेवाद्वितीय असतात. वाटेवर आपोआप छायाचित्र टिपणारे कॅमेरे लावले, की प्रत्येक वाघाची ओळख पटते. तळ्यातील काही मासे पकडून, खूण करून सोडले आणि पुन्हा जाळे टाकल्यावर त्यांत खुणेचे किती सापडतात हे पाहिले, तर एकूण माशांचा अंदाज बांधता येतो. हेच गणित कारंत यांनी वाघांना लावले. १९९५ मध्ये त्यांचा याविषयीचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला.

चुकीच्या हिशेबाची किंमत सरिस्काने मोजली. राजस्थानातील या व्याघ्र प्रकल्पात एकही वाघ उरला नसल्याचे २००५ मध्ये उघड झाले, तेव्हा आदल्या वर्षीपर्यंत दप्तरात वाघांची नोंद होती. त्यानंतर ठशांची पद्धत मागे पडली. जुन्या पद्धतीने देशात ३,६०० हून अधिक वाघ मोजले गेले होते. नव्या पद्धतीच्या पहिल्या गणनेचा अंदाज २००८ मध्ये जाहीर झाला, तो होता १,४११. उरलेले सारे वाघ मधल्या काळात मेले, असा याचा अर्थ नव्हे. जुना आकडाच विश्वासार्ह नव्हता.

कॅमेऱ्यांची पद्धत खर्चिक आहे आणि वनरक्षकांचा अनुभव कमी लेखू नये, हे म्हणणे खरे आहे. किंबहुना त्या अनुभवावाचून कॅमेरा कोठे लावावा हेही कळणार नाही. मात्र अनुभवाने सांगितलेली गोष्ट पडताळून पाहण्याची सोय हवी. नवी पद्धतही टीकेच्या पलीकडे नाही. तिच्यातील काही गणिती गृहीतकांवर स्वतः कारंत यांनीच टीका केली आहे.

आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? वाघाला वर्षाकाठी सुमारे ५० मोठी जनावरे लागतात. म्हणजे चितळ, सांबर, गवा यांसारखे सुमारे ५०० प्राणी असलेल्या जंगलातच एक वाघ टिकतो. म्हणून वाघांबरोबर त्यांच्या भक्ष्याचीही नोंद ठेवली पाहिजे. वाढलेला आकडा सर्वांनाच सुखावतो. परंतु घटलेला आकडा निर्भयपणे सांगता येईल, तेथेच वाघ वाचवण्याची वेळ हातची जाणार नाही.