राबाचा निवाडा तराजूने व्हावा

भाताच्या रोपासाठी राब भाजावा की नाही, हा मावळातील जुना वाद आहे. वडील मंडळी म्हणतात, राबावाचून रोपास जोम येत नाही. तरुण म्हणतात, शेण व पाला जाळणे म्हणजे हातचे खत धुरात घालविणे होय. दोन्ही पक्षांचा आवेश मोठा. परंतु खाचरात तराजू नेऊन पाहण्याची तसदी क्वचितच कोणी घेतो.

विद्वानांनी हा प्रश्न क्षुल्लक मानला नव्हता. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे डॉ. हॅरोल्ड मॅन यांनी जोशी व कानिटकर या सहकाऱ्यांसह 1912 साली राबपद्धतीवर प्रबंध प्रसिद्ध केला. राबाने रोप चांगले येते, एवढ्यावर न थांबता ते कशाने येते, हे शोधणे म्हणजेच शास्त्र. राखेतून पालाश व चुना मिळतो. आचेने तणाचे बी मरते. तापलेल्या मातीतील काही अन्नद्रव्ये पिकास सुलभ होतात. उलटपक्षी, जळलेल्या शेणातील नत्र बहुतांशी हवेत जाते. यांपैकी कोणते पारडे जड, हे वाद घालून कळणारे नव्हे.

शिवाय एका ठिकाणचा निष्कर्ष दुसरीकडे जसाच्या तसा लागू पडत नाही. लोणावळ्याचा पाऊस परंदवडीस पडत नाही. म्हणून प्रत्येकाने आपल्याच शिवारात चार सारखे वाफे करावे. पहिल्यात राब भाजावा. दुसऱ्यात तितकेच शेण व पाला कुजवून घालावा. तिसऱ्यात न भाजता केवळ राख पसरावी. चौथ्यात काहीच घालू नये. बियाणे, पेरणीचा दिवस व पाणी सर्वत्र एकच असावे. जमीन जागोजाग बदलते, म्हणून हेच चार वाफे शेतात दुसरीकडेही करावे. लावणी खुणा करून वेगवेगळी करावी व भात मळून तोलावे. चौथा वाफा वाया गेला असे समजू नये. तोच खरा साक्षीदार होय. एका सालचा पाऊस फसवितो, म्हणून निदान तीन साले हे टिपण ठेवावे.

आम्ही हयात दप्तरात घालविली. बांधावरून नजरेने अजमाविलेले पीक व कापून तोललेले पीक यांत किती अंतर पडते, हे आम्ही स्वतः चुकून शिकलो आहो. नजर आपल्याला हवे तेच पाहते. तराजूस पक्ष नसतो.

मात्र हिशेब पुरता लिहावा. राबासाठी टहाळ तोडले की डोंगर उघडा पडतो, उघड्या मातीवर सरी आदळतात, आणि ती माती पवना-इंद्रायणीच्या गढूळ पाण्यातून निघून जाते. निसर्गात काहीच नाहीसे होत नाही. एका ठिकाणचे दुसऱ्या ठिकाणी जाते. शेतात आलेला नफा लिहिणाऱ्याने डोंगरावरून गेलेला तोटाही त्याच पानावर मांडावा.

आमचा कल राब सोडण्याकडे आहे, हे आम्ही लपवीत नाही. परंतु तीन सालांच्या वजनांनी आम्हांस खोटे ठरविले, तर मत बदलण्यात आम्हांस कमीपणा वाटणार नाही. वडील मंडळींनीही एवढीच तयारी दाखवावी. येत्या उन्हाळ्यात राब रचण्यापूर्वी चार वाफे आखावे व वही उघडावी, अशी आमची विनंती आहे.