डोंगा फोडला, आता कायद्याचं बोला



डोंग्यात बसलेला माणूस जंगल खात्याला दोनच प्रकारचा दिसतो. पावती फाडलेला असला तर पर्यटक, नसला तर शिकारी. पोटासाठी पाण्यावर जाणारा तिसरा कोणी असतो, हे त्यांच्या रजिस्टरात बसतच नाही. त्या तिसऱ्याबद्दल हे लिहितो आहोत, कारण तो तिसरा म्हणजे आपण आहोत.

विदर्भातल्या एका जलाशयावर गेल्या हंगामात जे चाललं ते बहुतेकांना माहीत आहे. जलाशयाचं आणि गावाचं नाव मुद्दाम छापत नाही, कारण छापलं की उद्या त्याच पोरांवर केस पडते. रात्री जाळं टाकायला गेलेले डोंगे पहाटे काठाला लागले. काठावर साहेब लोक उभे. जाळी गोळा करून पेटवली. डोंग्याच्या तळाला कुऱ्हाडी घातल्या. पंचनामा नाही, पावती नाही, कोणाला कोर्टात नेलं नाही. विचारलं तर उत्तर एकच, "तुम्ही डोंग्यातून पलीकडे शिकारीला जाता." हरणाचं मांस सापडलं का? नाही. हत्यार सापडलं का? मासे कापायचा विळा सापडला.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. आपल्याला कायदा वाचता येत नाही, या भरवशावरच हे सगळं चालतं. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 सालचा. त्याच्या कलम 39 मध्ये लिहिलं आहे की गुन्ह्यासाठी वापरलेली आणि जप्त केलेली गाडी, नाव, हत्यार, सापळा सरकारजमा होतो. शब्द नीट वाचा. गुन्ह्यासाठी वापरलेली. नाव पाण्यावर होती एवढ्यानं ती गुन्ह्याची होत नाही, गुन्हा आधी दाखवावा लागतो. पुढे कलम 50 आहे. पकडलेला माणूस आणि जप्त केलेली वस्तू ताबडतोब मॅजिस्ट्रेटसमोर हजर करायची, असं त्यात सांगितलं आहे. आता आम्हाला सांगा, काठावरच फोडलेला डोंगा मॅजिस्ट्रेटसमोर कसा नेणार? राख झालेलं जाळं कोर्टात कोण दाखवणार? म्हणजे त्या पहाटे कायदा कोणी मोडला?

साहेब म्हणतील, बारीकसारीक कलमं काढू नका, डोंगा आला की शिकार आलीच. बरं, मग शिकारीचंच बोलू. लाजायचं कशाला? माणसानं नाव काढली तीच मुळी पोटासाठी. मासा, पाखरू, कंद, मध, जे पलीकडच्या काठावर आहे ते अलीकडे आणायला. ज्याला इंग्रजीत कायाक म्हणतात, ती पार उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातल्या इन्युइट लोकांची शिकारीची नाव. लाकडाचा किंवा हाडांचा सांगाडा, त्यावर सीलचं कातडं शिवलेलं, एका माणसापुरती जागा. आवाज न करता सीलच्या जवळ जाता यावं म्हणून ती तशी केलेली. आज तीच नाव प्लॅस्टिकची करून श्रीमंत देशात हौसेखातर विकतात. हौशी माणूस तीत बसला की तो निसर्गप्रेमी. ज्यांनी ती काढली त्यांनी भाला हातात घेतला की रानटी.

आणि ज्या कायद्यानं आपले डोंगे फोडल्याचं सांगतात, त्याच कायद्याचं कलम 65 काढून वाचा. निकोबार बेटांवरच्या अनुसूचित जमातींना अंदमान-निकोबार प्रशासनानं 28 एप्रिल 1967 च्या अधिसूचनेनं जे शिकारीचे हक्क दिले, त्यांना या कायद्यामुळे धक्का लागणार नाही, असं तिथं लिहिलं आहे. निकोबारी माणूस झाड कोरून नाव करतो, एका बाजूला उलांडी बांधतो आणि एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जातो. तिथल्या बोलीत तिला होडीच म्हणतात, आपलाच शब्द. म्हणजे दिल्लीत बसून कायदा करणाऱ्यांना हे ठाऊक होतं की या देशात आदिवासी आहेत, शिकार हा त्यांच्या जगण्याचा भाग आहे आणि तो हक्क म्हणून लिहिता येतो. 1972 साली ठाऊक होतं. मग ते शहाणपण समुद्र ओलांडून सातपुड्यापर्यंत का आलं नाही? 1991 च्या दुरुस्तीत अभयारण्यात समुद्राचं पाणी घ्यायचं असेल तर स्थानिक मच्छिमारांच्या धंद्याचं हित सांभाळा, असंही घातलं. समुद्रावरच्या मच्छिमाराचं हित आहे, ते असायलाच पाहिजे. धरणाच्या पाण्यावरच्या गोंडाचं, ढिवराचं काय?

तोतलाडोहचं उदाहरण घ्या. पेंच नदीवर धरण बांधलं, 160 मेगावॅट वीज निघते, खालच्या नवेगाव खैरीच्या धरणातून नागपूरला पाणी जातं. पाण्याखाली गेली ती जमीन कोणाची, हे इथं वेगळं सांगायला नको. जमीन गेली तेव्हा उठवलेली माणसं त्याच पाण्यावर मासे धरू लागली. दोन्ही बाजूंचं जंगल राष्ट्रीय उद्यान झालं, महाराष्ट्रातलं 1975 ला, मध्य प्रदेशातलं 1983 ला. मध्य प्रदेश सरकारनं 1996 साली 305 कुटुंबांना मासेमारीचे परवाने दिले, तर त्यावर एक संस्था सुप्रीम कोर्टात गेली. म्हणणं असं की हे लोक होड्यांतून जातील, झाडं तोडतील, शिकार करतील. मार्च 1997 मध्ये निकाल लागला. कोर्टानं परवाने रद्द केले नाहीत. जंगल तर राखलंच पाहिजे, पण पूर्वीपासून तिथं राहणाऱ्या आदिवासींच्या जगण्याचा विचारही व्हायला हवा, असं कोर्टाला म्हणावं लागलं. हे आपल्या बाजूचं आहे, पाठ करून ठेवा.

पण अटी पाहा. फोटोचं ओळखपत्र, ठीक आहे. पकडलेल्या माशांची नोंद, तीही चालेल. पण उद्यानाच्या दुसऱ्या कुठल्या भागात पाय ठेवायचा नाही आणि काठावर विस्तव पेटवायचा नाही, ना स्वयंपाकाला ना दुसऱ्या कशाला. पौषातल्या रात्री पाण्यावरून ओलाचिंब होऊन आलेल्या माणसाला विस्तव नाही! ज्यांनी कधी रात्रभर जाळं राखलं नाही, त्यांनाच अशी अट सुचते. आणि वारं सुटलं, डोंगा भलत्या काठाला लागला तर? तो माणूस जीव वाचवायला काठावर चढला की घुसखोर. 1999 च्या फेब्रुवारीत महाराष्ट्राच्या बाजूचं पेंचही व्याघ्रप्रकल्प जाहीर झालं. अलीकडच्या काठावरच्या लोकांनी आता जास्त सावध राहायचं आहे.

एवढी भीती गोळी घालणाऱ्या राजाची कधी कोणाला वाटली नाही. भरतपूरच्या केवलादेवला 12 नोव्हेंबर 1938 रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो आणि त्याच्या पाहुण्यांनी एका दिवसात 4273 पाखरं मारली. लपूनछपून नाही, दगडावर कोरून ठेवलं आहे. 1982 साली तिथं राष्ट्रीय उद्यान झालं, गुरं चारायला बंदी आली, गावकऱ्यांनी विरोध केला तर पोलिसांच्या गोळीबारात माणसं मेली. आज पर्यटक तो दगड वाचतात आणि फोटो काढतात.

बाहेर देशात काय झालं तेही कळू द्या. अमेरिकेत मोठ्या सरोवरांच्या भागात ओजिब्वे नावाचे आदिवासी आहेत. भूर्जाच्या सालीची हलकी नाव करतात, तिला कनू म्हणतात. तीत बसून दोन काठ्यांनी पाण्यातलं रानधान झोडून घेतात, शिकारीला जातात, वसंतात रात्री दिवा लावून भाल्यानं मासे मारतात. 1837 च्या तहात त्यांनी जमीन दिली, पण त्या जमिनीवर आणि पाण्यावर शिकारीचा, मासेमारीचा आणि रानधानाचा हक्क राखून ठेवला. सरकारनं तो पुढं गुंडाळून ठेवला. 1974 साली दोन भावांना मासे मारताना पकडलं, तिथून कोर्टबाजी सुरू झाली आणि 1983 साली विस्कॉन्सिनमध्ये कोर्टानं हक्क मान्य केला. भांडण मिटलं? नाही. होड्या पाण्यात उतरवायच्या धक्क्यांवर गोऱ्यांच्या झुंडी जमायच्या, शिव्या घालायच्या, दगड मारायच्या. ओजिब्वे तरी होड्या घेऊन उतरत राहिले. शेजारच्या मिनेसोटातल्या ओजिब्वेंचा हक्क 1999 च्या मार्चमध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं पाच विरुद्ध चार मतांनी कायम केला. एका मतानं!

त्यांच्याकडून शिकायची गोष्ट दगड खाण्याची नाही, ती आपल्याला येते. त्यांनी 1984 साली जमातींचं स्वतःचं कमिशन काढलं. भाल्यानं मारलेला मासा धक्क्यावर मोजला जातो, किती आणि केवढा ते लिहिलं जातं. त्यामुळे मासे संपवले असं कोणी बोललं की ते वही पुढं करतात. आपल्याकडे वही नाही. खात्याचा आकडा तोच खरा ठरतो, आणि खात्याचा आकडा कसा तयार होतो ते आपल्याला माहीत आहे.

एक गोष्ट आपल्यातल्या काहींना आवडणार नाही, तरी लिहितो. पाण्यात जिलेटिनची कांडी टाकणारा, विष टाकणारा, शहरातल्या ठेकेदाराचे पैसे घेऊन कातडं पोचवणारा आपल्या गावातला असला तरी संघटना त्याच्यामागे उभी राहणार नाही. एकाच्या पिशवीसाठी शंभर डोंगे फुटतात.

आता कामाचं. पुढच्या बैठकीला प्रत्येक काठाच्या गावानं डोंग्यांची यादी आणायची आहे: डोंगा कोणाचा, कधी केला, कोणी केला, किती माणसं त्यावर जगतात. डोंगा नाही, ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळं टाकता, तर तेही लिहा, त्याची लाज नको. रोजच्या माशाची वही आजपासून सुरू करा, शाळेत जाणाऱ्या पोरीला लिहायला सांगा. गेल्या हंगामात ज्यांचे डोंगे फोडले त्यांनी तुटलेल्या फळ्या फेकू वा जाळू नका, जपून ठेवा. पुन्हा कोणी काठावर अडवलं तर जप्तीची पावती मागा आणि म्हणा, आम्हाला आणि डोंग्याला दोघांनाही मॅजिस्ट्रेटसमोर न्या. कोऱ्या कागदावर अंगठा द्यायचा नाही. तहसीलवर मोर्चा कधी न्यायचा ते बैठकीत ठरेल. येताना एक फुटका डोंगा बैलगाडीत घालून आणता आला तर बघा.