भरखते आणि बुरशीनाशकांचा जमिनीतील मुक्काम

द्राक्षबागेस भरखत घालावे की नाही, हा प्रश्न आता वादाचा राहिलेला नाही. नाशिक, सांगली, सोलापूर व पुणे या जिल्ह्यांतील बागाईतदार खरड छाटणीच्या सुमारास बोदात शेणखत, कंपोस्ट अगर साखर कारखान्यातील मळीचे खत घालतो, बोदावर उसाचे पाचट पसरतो, आणि ते योग्यच करतो. परंतु या चांगल्या रीतीस एक चुकीची समजूत चिकटली आहे. ‘शेणखत भरपूर घातले म्हणजे औषधाचा अंश जमीन खाऊन टाकते’ असे गावोगावी बोलले जाते, आणि खेदाची गोष्ट ही की, कधी कधी विस्तार कार्यकर्त्यांच्या तोंडूनही ते ऐकू येते. या विधानात तथ्य आहे, पण ते अर्धेच. जी अर्धी बाजू सुटते तिच्याशी बागाईतदाराच्या विहिरीचे पाणी, जमिनीतील गांडुळे आणि बाग उपटल्यावर घ्यावयाची पिके यांचा निकट संबंध आहे.

वेलीवर फवारलेले बुरशीनाशक सर्वच्या सर्व पानावर राहत नाही. छाटणीनंतर मांडवावर पालवी थोडी असते, तेव्हा फवाऱ्याचा बराच भाग सरळ जमिनीवर पडतो. पुढे पावसाने पानावरचे औषध धुऊन खाली येते, आणि गळलेली पानेही आपला वाटा घेऊन बोदावर कुजतात. जमिनीत आल्यानंतर त्या औषधाचे तीन प्रकारे काही ना काही होते. ते मातीच्या कणांस चिकटून बसते, पाण्याबरोबर खाली झिरपते, किंवा सूक्ष्म जंतू व पाणी यांच्या क्रियेने त्याची मोड होते. भरखत या तिन्ही गोष्टींत हात घालते, आणि सर्वत्र एकाच दिशेने घालीत नाही. सारा घोटाळा येथेच होतो.

मातीतील कुजलेला सेंद्रिय पदार्थ पाण्यात न विरघळणाऱ्या द्रव्यांस जोराने धरून ठेवतो. भुरीवर वापरली जाणारी टेब्युकोनॅझोल व पेन्कोनॅझोल ही बुरशीनाशके या जातीची आहेत. टेब्युकोनॅझोल एक लिटर पाण्यात काही दशक मिलिग्रॅमच विरघळते. केवड्यावरील मेटॅलॅक्सिल मात्र त्याच एका लिटरात सात-आठ ग्रॅम विरघळते. भरखत घातलेल्या जमिनीत पहिले औषध वरच्या थरात अडकून पडते. दुसरे पुष्कळसे पाण्याच्या वाटेने चालू लागते.

औषध अडकले म्हणजे ते विहिरीकडे जात नाही, हा लाभ खरा आहे. परंतु जे अडकले ते जंतूंच्याही हाती लागत नाही. सेंद्रिय पदार्थाच्या कुशीत बसलेल्या औषधाची मोड सावकाश होते, आणि जमिनीतील त्याचा मुक्काम वाढतो. दुसरीकडे, चांगल्या कुजलेल्या खताने जंतूंची संख्या व त्यांचे बळ वाढते, त्यामुळे जी औषधे मोकळी आहेत त्यांची मोड लवकर होते. एकच खत एका औषधाचा मुक्काम लांबवील आणि दुसऱ्याचा आटोपता घेईल, असे घडते. ‘शेणखत औषध खाते’ हे वाक्य म्हणूनच औषधाचे नाव घेतल्याशिवाय उच्चारू नये.

स्पेन देशातील रिओहा हा प्रांत द्राक्षमळ्यांसाठी प्रसिद्ध आहे, आणि तेथेच अळिंबीचेही मोठे उत्पादन होते. अळिंबी काढून झाल्यावर उरलेले खत द्राक्षाच्या जमिनीत घालणे तेथील शेतकऱ्यांस सोयीचे असते. त्याचा बुरशीनाशकांवर काय परिणाम होतो, याचा अभ्यास सालामांका येथील संशोधकांनी केला व तो २००९ पासून प्रसिद्ध झाला. पेन्कोनॅझोल जमिनीने मेटॅलॅक्सिलपेक्षा पुष्कळ अधिक धरून ठेवले. खतातून पाण्यात उतरणारा विरघळता सेंद्रिय भागही या व्यवहारात लक्षात घ्यावा लागतो, हेही या प्रकारच्या अभ्यासांतून पुढे आले. कच्च्या खतात हा भाग जास्त असतो. तो औषधास मातीपासून सोडवून आपल्याबरोबर खाली नेऊ शकतो. आपल्याकडे ताजे शेण कालवून त्याची स्लरी बोदात सोडण्याची चाल अनेक ठिकाणी आहे. आळवणीने दिलेल्या औषधाच्या मागोमाग अशी स्लरी व वर भरपूर पाणी देणे हे म्हणूनच इष्ट नव्हे.

खताच्या मात्रेचा हिशेब विस्तार कार्यकर्त्याने एकदा शेतकऱ्यासमोर पाटीवर मांडून दाखवावा. एक हेक्टर जमिनीचा १५ सेंटिमीटर जाडीचा थर वजनाने सुमारे २,१०० टन भरतो. हेक्टरी २० टन शेणखत घातले, त्यात निम्मे पाणी धरले आणि वाळल्या खताचा चौथा हिस्सा कर्ब मानला, तर जमिनीत अडीच टन कर्ब गेला. सर्व क्षेत्रावर पसरल्यास ही भर ०.१२ टक्के होते. परंतु द्राक्षात खत बोदात घालतात, आणि बोदाने क्षेत्राचा तिसरा हिस्सा व्यापला असे धरल्यास तेथील भर ०.३६ टक्के होते. ज्या जमिनीत मुळात अर्धा टक्का कर्ब होता, तेथे तो एकदम पाऊण टक्क्याच्या वर जातो. औषध धरून ठेवण्याची शक्तीही त्याच मानाने वाढते, आणि ती नेमकी मुळांच्या जागी वाढते. आपल्या उष्ण हवेत यातील बराचसा कर्ब वर्षभरात जळून जातो. मग धरलेल्या औषधाचा काही भाग पुन्हा सुटतो, ही गोष्ट सहसा कोणी बोलत नाही.

तांब्याची कथा याहून वेगळी आणि अधिक गंभीर आहे. अमेरिकेतून आलेल्या केवड्याने फ्रान्समधील द्राक्षमळे ग्रासले असता १८८५ च्या सुमारास मिलार्दे यांनी मोरचूद व चुना यांचे मिश्रण पुढे आणले. बोर्डो या शहराचे नाव त्यास पडले व तेच आजही आपल्या शेतकऱ्याच्या तोंडी आहे. हे मिश्रण उपयुक्त आहे यात शंका नाही. पण तांबे हे मूलद्रव्य आहे. त्याची मोड कोणताही जंतू करू शकत नाही, कितीही शेणखत घातले तरी. मोरचुदात सुमारे चौथा हिस्सा तांबे असते. एक टक्का बोर्डो मिश्रण हेक्टरी १,००० लिटर फवारले म्हणजे १० किलो मोरचूद, अर्थात अडीच किलो तांबे शेतात गेले. वर्षास अशा चार फवारण्या वीस वर्षे केल्यास २०० किलो होतात, आणि ते सारे वरच्या थरात राहिले असे धरले तर दर किलो मातीत ९५ मिलिग्रॅम तांब्याची भर पडते. युरोपीय संघाने २०१८ च्या नियमान्वये तांब्याची मर्यादा सात वर्षांत हेक्टरी २८ किलो, म्हणजे सरासरीने वर्षास ४ किलो ठरविली. वरील मात्रेच्या दोनच फवारण्यांत आपण ती ओलांडतो.

भरखत या तांब्यास घट्ट बांधते, आणि आपल्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनींचा सामू जास्त असल्याने ते आणखीच निपचित पडून राहते. त्यामुळे वेलीस आज त्रास दिसत नाही. परंतु बांधलेले तांबे हे गेलेले तांबे नव्हे. ते वरच्या थरात साठत जाते. गांडुळे व उपयुक्त बुरशी यांस त्याचा उपद्रव होतो, आणि ज्यांच्याकडून इतर औषधांची मोड व्हावयाची त्या जंतूंचेच काम मंदावते. बागेत गांडुळे दिसेनाशी झाली असता दरसाल खत वाढविणारा शेतकरी मोरचुदाच्या पिशव्यांचा हिशेबही त्याच वेळी पाहील, तर बरे.

निर्यातीच्या द्राक्षांविषयीही एक खुलासा आवश्यक आहे. २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अंशामुळे भारतीय द्राक्षे युरोपात अडली व बागाईतदारांचे मोठे नुकसान झाले. तेव्हापासून ‘अंश’ हा शब्द ऐकताच शेतकरी घाबरतो आणि उपाय म्हणून कोणी काहीही सुचविले तरी ते करतो. फळावरील बुरशीनाशकाचा अंश हा मुख्यतः फवारणीतून, तिच्या मात्रेतून आणि काढणीपूर्वी राखलेल्या दिवसांतून येतो. मण्यांवर पडलेले औषध बोदातील खत खाली ओढून घेत नाही. शेणखत घातले म्हणून काढणीपूर्व मुदतीत दोन दिवसांची सवलत घेणे हा शुद्ध वेडेपणा आहे.

मग करावे काय? पूर्ण कुजलेले, मऊ, शेणाचा वास गेलेले खतच बोदात घालावे व ते खरड छाटणीच्या वेळी मातीत मिसळावे, म्हणजे गोडी छाटणीनंतरची मोठी फवारणी सुरू होईपर्यंत त्यातील विरघळता भाग बराच निघून जातो. रोपवाटिकेत अगर मूळकुजीसाठी आळवणी करावयाची असल्यास ताज्या खताच्या जागी ती करू नये. औषध खतास चिकटते, मुळापाशी कमी पोहोचते, आणि गुण येत नाही म्हणून शेतकरी मात्रा वाढवितो. मेटॅलॅक्सिलसारखे औषध तर एकाच जागी वारंवार दिल्यास जंतूंस त्याची सवय होते व ते ते भराभर फस्त करतात. तेथे मुक्काम लांबण्याऐवजी इतका कमी होतो की औषधाचे पैसेही वसूल होत नाहीत.

माती परीक्षणासाठी नमुना पाठविताना सेंद्रिय कर्बाबरोबर तांब्याचाही उल्लेख अर्जात करावा. जुन्या बागेत बोदातील व दोन ओळींमधील असे दोन नमुने निराळे घ्यावेत, कारण मिसळलेल्या एका नमुन्यात बोदाची खरी स्थिती लपून जाते. बाग उपटून त्या रानात मेथी, कोथिंबीर यांसारखी पालेभाजी लगोलग करण्याचा बेत असेल, तर हा अहवाल हाती येईपर्यंत थांबावे आणि तोवर ताग पेरून ठेवावा.