लगाम कुणाच्या हाती?

१९०१ सालच्या सुमारास मसूरच्या रेल्वे स्थानकावर लहानगा भीमराव आपला भाऊ आणि भाच्यांसह उतरला. वडिलांच्या नोकरीच्या गावी जाण्यासाठी बैलगाडी हवी होती. परंतु मुलांची जात कळताच एकही गाडीवान त्यांना नेण्यास तयार होईना. अखेर एकाने दुप्पट भाड्यावर होकार दिला, तोही मुलांनी स्वतः गाडी हाकावी आणि आपण बाजूने पायी चालावे या अटीवर. पुढे १९२९ साली चाळीसगावी तसाच प्रसंग ओढवला. बॅरिस्टर झालेल्या बाबासाहेबांना टांग्यात बसवून नेण्यास टांगेवाले राजी नव्हते. मोठ्या मिनतवारीने टांगा तेवढा मिळाला. मग वस्तीतील एका बांधवाने लगाम हाती घेतला. त्याने त्यापूर्वी टांगा कधी हाकलेला नव्हता. पुलावर अपघात झाला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात त्यांनी हे दोन्ही प्रसंग नमूद केले आहेत.

इतिहासाचे शिक्षक या नात्याने आम्ही हे प्रसंग वर्षानुवर्षे वर्गात सांगत आलो. नकार देणाऱ्यांची क्रूरता विद्यार्थ्यांना तत्काळ कळते. चाळीसगावच्या प्रसंगातील दुसरी बाजू मात्र आम्हांलाही उशिरा उमगली. वाहन मिळाले होते. ते चालवण्याची विद्या आपल्या माणसापर्यंत पोहोचू दिली गेली नव्हती. शाळेच्या या स्मरणिकेत मोटारी आणि छोटे धंदे यांविषयी लिहिण्याचे कारण हेच आहे.

बारामती आणि इंदापूर या तालुक्यांना नवे तंत्र नवे नाही. १८८५ साली नीरा डावा कालवा सुरू झाला आणि पुढे या कोरड्या मुलखात ऊस उभा राहिला. पण पाणी गेले ते जमिनीकडे, आणि जमीन ज्यांच्या नावावर होती त्यांच्याकडे. कालव्याकाठच्या आपल्या पूर्वजांच्या वाट्याला प्रामुख्याने दुसऱ्याच्या रानातील राबणूकच आली. तंत्र गावात येणे आणि ते आपल्या घरात येणे यांतील हे अंतर आपण विसरता कामा नये.

शतकानंतर दुसरे यंत्र आले. गेल्या शतकाच्या अखेरीस बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत पियाजिओ कंपनीचा तीनचाकी वाहनांचा कारखाना सुरू झाला आणि ‘ॲपे’ हे नाव घरोघरी पोहोचले. भिगवण, इंदापूर, वालचंदनगर, निमगाव केतकी या वाटांवर वडाप धावू लागले. ज्यांच्या सातबाऱ्यावर एक गुंठाही नव्हता, अशा कितीतरी तरुणांना चाकाने भाकरी दिली. कोणी चालक झाला, कोणी टायरवाला, कोणी मिस्त्री. आपल्या वसतिगृहातून दहावीला नापास होऊन गेलेला एक विद्यार्थी आज स्वतःच्या गॅरेजचा मालक आहे. तो नुसत्या आवाजावरून इंजिनाचे दुखणे सांगत असे. ही विद्या त्याने पुस्तकातून घेतली नव्हती. उस्तादाच्या हाताखाली पाने पुसत, डोळ्यांनी पाहत घेतली होती. डोळ्यांनी पाहता येत होती, म्हणूनच ती त्याला घेता आली.

आता नेमके तेच पाहणे बंद होत आहे. १ एप्रिल २०२० पासून नव्या वाहनांना भारत स्टेज-६ हे प्रदूषणाचे कडक निकष लागू झाले. ते पाळण्यासाठी वाहनांतील सेन्सर आणि संगणकीय नियंत्रण यांचे काम वाढले. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला की दोष कोठे आहे हे कानाला कळत नाही, स्कॅनरला कळते. डिसेंबर २०१९ मध्ये पियाजिओची विजेवर चालणारी ॲपेही बाजारात आली. अशा वाहनाला इंजिन ऑइल नाही, नोझल नाही, क्लच प्लेट नाही. आहे ती बॅटरी, मोटार, कंट्रोलर आणि त्यांवर देखरेख ठेवणारी संगणकीय प्रणाली. हवा स्वच्छ राहते, चालकाचा इंधनखर्च घटतो. या गोष्टींचे आम्ही स्वागतच करतो. परंतु आमचा तो माजी विद्यार्थी परवा भेटला तेव्हा म्हणाला, “सर, गाडी दारात येते, पण आत शिरू देत नाही.” त्याच्या या वाक्यात आम्हांला जुने काही ऐकू आले.

ही तक्रार केवळ त्याची नव्हे. सुटे भाग व दोष शोधण्याची साधने स्वतंत्र गॅरेजांना खुलेपणाने मिळू देत नाहीत, या कारणास्तव भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला होता. प्रकरण पुढे वरच्या पायऱ्यांवर गेले. परंतु दुरुस्तीची विद्या कोंडून ठेवणे हा अन्याय आहे, ही गोष्ट एका वैधानिक संस्थेने नोंदवली. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ‘दुरुस्तीचा अधिकार’ या नावाने पोर्टल सुरू केले, त्यातही मोटारींचा समावेश आहे. आपल्या गॅरेजवाल्या बांधवांपैकी कितीजणांना हे ठाऊक आहे?

छोट्या धंद्यांचीही हीच कथा. २०१६ साली यूपीआय आले आणि आज भिगवणच्या मासळी बाजारापासून इंदापूरच्या चहाच्या टपरीपर्यंत क्यूआर कोडची पाटी दिसते. एके काळी आपल्या माणसाच्या तळहातावर नाणे वरून टाकले जाई, स्पर्श होऊ नये म्हणून. आता पैसा स्पर्शाविना येतो, त्यात अपमान नाही. मात्र कोड स्कॅन करताच गिऱ्हाइकाच्या पडद्यावर दुकानदाराचे नाव उमटते, आणि बहुधा आडनावही. ते वाचून पुढच्या वेळी कोण कोठे वळतो, हे यंत्र सांगत नाही. यंत्राला जात नसते हे खरे. पण ते वापरणाऱ्या समाजाला असते.

म्हणून यंत्राचा द्वेष करावा काय? बाबासाहेबांनी तो कधीही केला नाही. यंत्राशिवाय सामान्य माणसाला फुरसत नाही आणि फुरसतीशिवाय संस्कृती नाही, असा विचार त्यांनी गांधीवादी अर्थविचाराचे खंडन करताना मांडला. यंत्राच्या दुष्परिणामांचे खापर त्यांनी यंत्रावर न फोडता समाजाच्या चुकीच्या रचनेवर फोडले. १९३६ च्या ‘जातिभेद निर्मूलन’ या प्रबंधात ते बजावतात की उद्योग सतत बदलत असतात, आणि जात माणसाला व्यवसाय बदलू देत नाही म्हणून ती बेकारीचे कारण ठरते. या कसोटीवर आजची धोरणेही पारखावी लागतात. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत. लोहार, कुंभार, चर्मकार, नाभिक, परीट आहेत, मोटार मेकॅनिक नाही. कारागिराला साहाय्य जरूर मिळावे. पण बापाचे हत्यार मुलाच्या हाती देणे म्हणजे कौशल्यविकास, हा समज आम्हांला मान्य नाही.

आता मुद्द्याचे बोलतो. शाळेच्या या महोत्सवानिमित्त निधी जमत आहे आणि त्यातून भव्य प्रवेशकमान उभारावी अशी अनेकांची इच्छा आहे. त्या श्रद्धेचा आम्ही आदर करतो. तरीही आमचे स्पष्ट मत असे की कमानीआधी कार्यशाळा व्हावी. तीत एक उघडलेले जुने इंजिन असावे, एक विजेची मोटार, एक बॅटरी संच, एक स्कॅनर आणि दोन संगणक असावेत. आठवी-नववीच्या मुलामुलींनी आठवड्यातून दोन तास तेथे हात काळे करावेत. रविवारी तीच कार्यशाळा माजी विद्यार्थ्यांच्या गॅरेजांसाठी खुली राहावी. महागडा स्कॅनर एकट्याला परवडत नसेल, तर दहाजणांना मिळून परवडेल.

काही पालक म्हणतील, “आम्ही ग्रीसमध्ये आयुष्य काढले, पोरांनीही तेच करावे काय?” प्रश्न रास्त आहे, आणि त्यामागची वेदना आम्ही जाणतो. पण नव्या मोटारीची विद्या ही विद्युतशास्त्राची आणि संगणकाची विद्या आहे. तिचा पाया शाळेत पडला तर एखादी मुलगी अभियंता होईल, एखादा मुलगा आयटीआयतून विजेच्या वाहनांचा तंत्रज्ञ होईल, आणि दहावीला अडखळणाराही रिकाम्या हाताने बाहेर पडणार नाही.

माजी विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी कोणी कारखान्यात पर्यवेक्षक आहे, कोणी चालक, कोणी दुकानदार. पैसा देता आला तर द्यावाच. न देता आला तर वर्षातून दोन रविवार द्यावेत आणि आपल्याला येते ते या मुलांना शिकवावे. चाळीसगावच्या त्या अनामिक बांधवाला कोणी एक दिवस जरी टांगा हाकायला शिकवले असते, तर तो अपघात टळला असता.

जय भीम! नमो बुद्धाय!