उचल

आमच्या क्लासची आय.व्ही. ठरली. आय.व्ही. म्हणजे इंडस्ट्रियल व्हिजिट, असं निदान नोटीस बोर्डावर तरी लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात एक दिवस कारखाना आणि पाच दिवस मनाली! खर्च माणशी १४ हजार. माझ्या रूममेटकडे एवढे पैसे नव्हते. तिने मोबाईलवर एक अ‍ॅप उघडलं, आधार नंबर टाकला, सेल्फी काढला आणि मेसमधला चहा संपायच्या आत पैसे खात्यात जमा! "बघ, किती सोप्पं! आत्ता जगून घ्यायचं, पैसे काय नंतर फिटतील," ती म्हणाली.

हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. आमच्या गावात, दसऱ्याच्या आसपास, ओट्यावर बसलेल्या मुकादमाच्या तोंडून.

आधी एक कबुली देते. मी कॉन्व्हेंटची. अजूनही पाढे मनात इंग्रजीतच म्हणते आणि 'एकोणसत्तर' म्हणजे नक्की किती, यावर दोन सेकंद थांबते. त्यामुळे मराठी विभागासाठी मी लिहितेय म्हटल्यावर पप्पांना माझ्यापेक्षा जास्त आश्चर्य वाटलं. पण हा विषय मला इंग्रजीत लिहिताच येईना. 'उचल' हा शब्दच तिकडे नाही. अ‍ॅडव्हान्स म्हटलं की त्यातला घामच निघून जातो.

मित्रमैत्रिणींनो, पैसा, प्रवास आणि मजेत जगणं या तीन विषयांवरची पुस्तकं सध्या आमच्या होस्टेलमध्ये सगळ्यात जास्त फिरतात. सबमिशनच्या फाईलीसुद्धा एवढ्या फिरत नाहीत! मीही वाचते. त्यातलं मला सगळ्यात आवडलेलं पुस्तक जॉर्ज क्लेसन यांचं, १९२६ सालचं. प्राचीन बॅबिलोन शहरातल्या गोष्टींमधून त्यांनी पैशाचे नियम सांगितले आहेत. पहिला नियम: कमाईतला दहावा हिस्सा आधी स्वतःसाठी बाजूला काढायचा. आणि जो कर्जात आहे त्याने? त्यानेही दहावा हिस्सा बाजूला काढायचा, सात हिश्श्यांत घर चालवायचं आणि उरलेले दोन हिस्से देणेकऱ्यांना द्यायचे. सरळ, सोपं, पटणारं. शंभर वर्षं लोक उगाच वाचत नाहीत.

पण दिवाळीच्या सुट्टीत शिरूर कासार तालुक्यातल्या आमच्या गावी गेले आणि हा नियम आमच्या गल्लीला लावून बघितला. नियम अडकला!

बीड जिल्ह्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. आमच्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमाराला लाखो माणसं ऊसतोडीला जातात. कोणी कोल्हापूर-सांगलीला, कोणी सातारा-सोलापूरला, कोणी थेट कर्नाटकात. परत येतात ती पाडव्याच्या आगेमागे. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. एकटा माणूस असेल तर 'अर्धा कोयता'. (इंजिनिअरिंगमध्ये युनिटला फार महत्त्व असतं. पण नवरा-बायको मिळून एक हत्यार, असं युनिट मी अजून कुठल्या पुस्तकात पाहिलं नाही.) मुकादम हंगामाच्या आधीच एकरकमी पैसे देतो. ती उचल. नंतर चार-पाच महिने ऊस तोडून ती फेडायची.

आता हिशोब बघा. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली आणि टनामागे दर साधारण ३६६ रुपये झाला. समजा एका कोयत्याने एक लाख रुपये उचल घेतली. लाखाला ३६६ ने भागा. आले २७३ टन. दोघांनी पहाटेपासून राबून रोज दोन टन तोडला, तरी १३७ दिवस लागतात, एकही सुट्टी न घेता. मध्येच आजारी पडलं, पाऊस झाला, कारखाना बंद पडला तर ते वेगळंच. आठवड्याच्या बाजाराला मुकादमाकडून जी 'खर्ची' मिळते, तीही याच खात्यावर चढते. आणि हंगाम १००-१२० दिवसांतच आटोपला तर? उरलेली उचल पुढच्या वर्षावर. म्हणजे पुढच्या वर्षीही त्याच मुकादमाकडे, त्याच गाडीत.

बॅबिलोनच्या नियमात कमाई आधी येते आणि वाटे नंतर पडतात. उचलीत वाटे आधीच पडून गेलेले असतात, कमाई नंतर करायची असते. दहावा हिस्सा काढायचा कशातून?

यावर आमच्याच क्लासमधला एक मुलगा मला म्हणाला, "मग घेतात कशाला उचल? फायनान्शिअल लिटरसी नाही लोकांना." मला राग आला, पण उत्तर द्यायला हवं म्हणून देते. उचल कोणी चैनीसाठी घेत नाही. मुलीचं लग्न, दवाखाना, बोअर, आणि बहुतेक वेळा मागचं देणं, यासाठी ती घेतली जाते. डोंगरातल्या दोन एकर कोरडवाहूवर बँक लाखभर रुपये सहजासहजी देत नाही. मुकादम देतो. त्याला तुमचे हात तारण चालतात. तेव्हा हा प्रश्न अकलेचा नाही. दुसरा दरवाजा उघडा नसण्याचा आहे.

आणि त्या तारणाची किंमत बाई कशी मोजते, तेही सांगायला हवं. ऊसतोडीत 'खाडा' नावाचा शब्द आहे. खाडा म्हणजे कामाला न येण्याचा दिवस. त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर दंडही बसतो. पाळी असो, ताप असो, खाडा तो खाडा. २०१९ साली सरकारने समिती नेमून बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची पाहणी केली. ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. म्हणजे साधारण सहा जणींमागे एक! त्यातल्या कित्येक जणी तिशी-पस्तिशीच्या. कारणं अनेक असतील, डॉक्टरांचीही असतील. पण खाड्याची भीती त्यात नाही, असं मला कोणी पटवून देऊ शकत नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. माझे आजोबा-आज्जी कोयत्यावर जायचे. पप्पा तेव्हा गावात पणजीपाशी राहून शाळा शिकले, पुढे डी.एड. करून शिक्षक झाले आणि त्यांनी मला तालुका सोडून शहरातल्या कॉन्व्हेंटमध्ये घातलं. लहानपणी मैत्रिणींनी "तुझे ग्रँडपेरेंट्स काय करतात?" विचारलं की मी "फार्मर" सांगायचे. खोटं नव्हतं, पण पूर्ण खरंही नव्हतं.

या दिवाळीत आज्जीच्या ट्रंकेत मला एक वही सापडली. आजोबा तिसरी शिकलेले. त्यांनी शिसपेन्सिलीने टनाचे आकडे लिहून ठेवले होते. कोणत्या दिवशी किती खेपा, किती टन, खर्ची किती घेतली. हंगाम संपल्यावर मुकादमाच्या वहीशी ही वही ताडून बघायची. पण शेवटच्या पानांवर आकडेच नव्हते, नुसत्या रेघा होत्या. आज्जीला विचारलं. म्हणाली, "त्या माह्या रेघा हायेत. वाढ्याच्या."

वाढं म्हणजे उसाचा शेंड्याकडचा हिरवा पाला. ऊस कारखान्याला जातो, वाढं तोडणाऱ्याचं. गावातले दूधवाले ते वैरणीसाठी विकत घेतात. दिवसभर ऊस तोडून झाल्यावर आज्जी वाढ्याच्या पेंढ्या बांधायची आणि रोख विकायची. तो पैसा मुकादमाच्या वहीत चढत नव्हता. एक पेंढी, एक रेघ. "तेवढाच पैसा आपला व्हता, बाई," आज्जी म्हणाली. "बाकीचा आधीच खाल्लेला." पप्पांच्या डी.एड.च्या फीमध्ये त्या रेघांचा वाटा होता!

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अहो, हाच तर बॅबिलोनचा दहावा हिस्सा! पुस्तक न वाचता, अक्षर न येता, आज्जीने तो नियम मोडक्या हंगामातून शोधून काढला होता.

आता प्रवासाचं. पप्पांच्या कपाटात गोडसे भटजींचं 'माझा प्रवास' आहे. कोकणातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे घरचं कर्ज फेडायला म्हणून १८५७ साली उत्तरेकडे निघाले. बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, ही आशा. सापडले नेमके बंडात! झाशीला इंग्रजांनी वेढा घातला तेव्हा ते तिथेच होते. मिळवलेला पैसा लुटला गेला. शेवटी घरी परतले ते गंगेची कावड घेऊन. पुढे त्यांनी सगळी हकीकत लिहून काढली आणि ते पुस्तक १९०७ साली छापून आलं. कर्जापायी केलेला प्रवासही किती वाचनीय असू शकतो, हे बघायचं असेल तर जरूर वाचा. भाषा जुनी आहे, पण माझ्यासारखीला जमलं, म्हणजे तुम्हालाही जमेल.

वाचताना मला सारखी आज्जी आठवत होती. तिनेही कर्जापायी अर्धा महाराष्ट्र पाहिला. पाहिला असं तरी कसं म्हणू? कोल्हापूरकडे तिने बारा हंगाम केले आणि अंबाबाईचं दर्शन एकदाच झालं, तेही कारखाना दोन दिवस बंद होता म्हणून. १७ सप्टेंबर २०२५ ला बीड ते अहिल्यानगर रेल्वे सुरू झाली. कित्येक वर्षं वाट पाहिलेली रेल्वे! सगळ्यांना आनंद झाला, मलाही झाला. पण आमच्या जिल्ह्यातला सगळ्यात मोठा प्रवास अजूनही ट्रकमधून आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतूनच होतो, आणि त्याचं प्रवासवर्णन कोणी लिहीत नाही. प्रवासाहून आलेल्याला लोक विचारतात, "काय काय पाहिलं?" आमच्या गावात पाडव्याला परतलेल्याला विचारतात, "फिटली का?"

म्हणून मजेत जगणं याची माझी व्याख्या आता थोडी बदलली आहे. आपल्या हातात असा थोडा तरी पैसा असणं, ज्यावर आधीच कोणाचं नाव लिहिलेलं नाही. आणि निघायचं कधी, परतायचं कधी, हे स्वतः ठरवता येणं. बाकी मनाली काय आणि मॉरिशस काय!

रूममेटचा हिशोबही आम्ही दोघींनी मिळून केला. १४ हजारांतून फी कापून तिच्या हातात आले १३,४००. हप्ता २,७०० चा, सहा महिने. म्हणजे फेडायचे १६,२००. तिला धक्काच बसला. अर्थात तिची आणि आमच्या गल्लीची बरोबरी होत नाही, हे मला कळतं. तिला खाड्याचा दंड नाही आणि घरचे पाठीशी आहेत. पण सवय तीच आहे. नोकरी लागायच्या आधीच पगाराचे वाटे पाडायची सवय.

मग करायचं काय? नुसतं हळहळून उपयोग नाही. आपल्या कॉलेजचं रासेयोचं शिबिर नेहमी हिवाळ्यात होतं. तेव्हा आमची गावं रिकामी असतात, घरात फक्त म्हातारी माणसं आणि कुलपं. एक वर्ष ते दसऱ्याच्या आधी घेऊया. रस्ते झाडण्याऐवजी प्रत्येक कोयत्याला एक वही देऊया आणि ती कशी लिहायची ते बसून दाखवूया: तारीख, टन, दर, खर्ची, शिल्लक. घरातलं आठवी-नववीचं पोर ती भरू शकेल. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी २०२१ पासून संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना आहे, तिचे फॉर्म भरायलाही मदत करूया. ३६६ ने भागाकार करायला इंजिनिअर लागत नाही. पण जो भागाकार आपण कॅल्सीवर क्षणात करतो, तो न केल्यामुळे कोणाचं एक वर्ष जातं.

मी मनालीला गेले नाही, असं सांगून मला शहाणपणा मिरवायचा नाही. मी गेले! खूप मजा केली. पैसे पप्पांकडून घेतले, तीही एक उचलच. मात्र परत आल्यावर एक वही केली आहे. पहिल्या पानावर लिहिलंय, पप्पा: १४,०००. शनिवार-रविवार दोन मुलांच्या गणिताच्या शिकवण्या धरल्या आहेत आणि शेवटच्या पानावर आज्जीसारख्या रेघा ओढायला सुरुवात केली आहे.

आज्जी दर रविवारी फोनवर विचारते, "फिटली का?"

अजून नाही. पण चार रेघा झाल्या आहेत.