काचेच्या तंतूची मालकी कोणाची?

ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुधारित भारतनेट कार्यक्रमासाठी १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर केले. देशातील प्रत्येक ग्रामपंचायतीपर्यंत प्रकाशतंतूचे जाळे नेण्याची ही योजना ऑक्टोबर २०११ मध्ये सुमारे २०,००० कोटींच्या अंदाजाने आणि दोन वर्षांत काम पुरे करण्याच्या आश्वासनाने सुरू झाली होती. बारा वर्षांनी आकडा सातपट झाला. कामाचा विस्तार वाढला हे खरे. तथापि एवढे धन ओतल्यानंतरही खेड्यातील सामान्य घर या जाळ्याच्या बाहेरच का राहिले, या प्रश्नाचे उत्तर केवळ दिरंगाई किंवा भ्रष्टाचार यांत सापडणार नाही. ते मालकीच्या प्रश्नात सापडेल, आणि नेमका तोच प्रश्न आजवर कोणी विचारलेला नाही.

प्रथम या तंत्राचे स्वरूप समजून घेतले पाहिजे. टेलिफोन केंद्रातून निघालेला काचेचा एक तंतू वस्तीजवळ येतो. तेथे स्प्लिटर नावाची लहानशी पेटी बसवलेली असते. ती प्रकाशाचा किरण बत्तीस किंवा चौसष्ट वाटांत विभागते आणि प्रत्येक वाट एकेका घरात जाते. या पेटीला वीज लागत नाही, वातानुकूलन लागत नाही, पहारेकरीही लागत नाही. म्हणूनच या जाळ्याला पॅसिव्ह, म्हणजे वाटेत कोठेही वीज न लागणारे, असे म्हणतात. केंद्रापासून सुमारे वीस किलोमीटरपर्यंत ते पोहोचते. भारनियमनाने गांजलेल्या ग्रामीण भागास याहून सोयीचे तंत्र शोधूनही मिळणार नाही. तालुक्याच्या केंद्रापासून ग्रामपंचायतीपर्यंत भारतनेटचा पहिला टप्पा उभा राहिला तो याच तंत्रावर, आणि त्यासाठी लागणारी सामग्री १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी संस्थेने देशातच विकसित केली होती.

परंतु या तंत्राला एक राजकीय अंग आहे व त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. तांब्याच्या जुन्या टेलिफोन व्यवस्थेत प्रत्येक घराची स्वतंत्र जोडतार केंद्रापर्यंत जात असे. त्यामुळे कायद्याने भाग पाडल्यास एखाद्या घराची तार दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला जोडून देणे शक्य होते. नव्या जाळ्यात बत्तीस घरांचा मिळून केंद्राकडे जाणारा तंतू एकच. त्यातले एक घर सुटे काढून प्रतिस्पर्ध्याच्या हाती देता येत नाही. शिवाय खरा खर्च काचेचा नसतोच. तो चर खणण्याचा, नळ्या पुरण्याचा, खांब उभारण्याचा आणि परवानग्यांचा असतो. एकाच गल्लीत तीन कंपन्यांनी तीनदा चर खणावे हा अर्थशास्त्राच्या कोणत्याही कसोटीवर राष्ट्रीय संपत्तीचा अपव्यय ठरेल, आणि तोट्याच्या खेड्यात तर पहिली कंपनीही फिरकणार नाही. अर्थशास्त्र यालाच नैसर्गिक मक्तेदारी म्हणते. रस्ता, पाण्याची टाकी, विजेचे खांब यांच्या बाबतीत जे सत्य आहे तेच शेवटच्या मैलाच्या तंतूबाबतही आहे. मक्तेदारी अटळ आहे. ती जनतेची असावी की खाजगी भांडवलाची, एवढीच निवड शिल्लक राहते.

सरकारने केलेली निवड बारकाईने पाहण्यासारखी आहे. तालुक्यापासून ग्रामपंचायतीपर्यंतचा, म्हणजे भरपूर खर्चाचा आणि अल्प नफ्याचा मार्ग सार्वजनिक पैशाने बांधावयाचा. आणि ग्रामपंचायतीपासून घरापर्यंतचा, जेथे दरमहा वर्गणी गोळा होते तो मार्ग, 'उद्यमी' नावाच्या स्थानिक व्यावसायिकांवर व बाजारावर सोपवावयाचा. सुधारित कार्यक्रमात दीड कोटी ग्रामीण घरांना जोडण्या देण्याचे लक्ष्य आहे, ते याच वाटेने. गावातला एखादा सुशिक्षित बेकार तरुण कर्ज काढून केबल ओढतो, दुरुस्तीसाठी पावसात खांबावर चढतो, तोटा आला तर तो सोसतो. वस्ती गरीब असेल तर तो तिकडे वळतच नाही, आणि त्याबद्दल त्याला दोष तरी कसा द्यावा? दलित वस्ती, आदिवासी पाडा आणि गावकुसाबाहेरचे तांडे यांच्यासाठी या हिशेबात जागाच ठेवलेली नाही.

त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे जे सार्वजनिक आहे तेही राखण्याची सरकारची तयारी नाही. जून २०२१ मध्ये सोळा राज्यांतील भारतनेट खाजगी भागीदारीत देण्याचा निर्णय झाला आणि त्यासाठी १९,०४१ कोटी रुपयांचे अनुदान देऊ करण्यात आले. एवढे आमिष असूनही निविदांना प्रतिसाद मिळाला नाही. खाजगी भांडवल खेड्याची सेवा करण्यास उत्सुक आहे, हा सिद्धांत येथेच कोसळला. तरीही त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय चलनीकरण योजनेत भारतनेटचा २.८६ लाख किलोमीटर तंतू आणि सार्वजनिक दूरसंचार कंपन्यांचे १४,९१७ मनोरे खाजगी हाती सोपविण्याच्या यादीत घालण्यात आले. बांधणीची जोखीम जनतेची आणि भाड्याचे उत्पन्न दुसऱ्याचे, असा हा न्याय आहे!

'सार्वजनिक क्षेत्र अकार्यक्षम आहे, स्पर्धेनेच दर उतरतात' हे उत्तर ठरलेलेच आहे. भारत संचार निगममध्ये दोष नाहीत असे कोणीही म्हणणार नाही. परंतु ज्या संस्थेतून जानेवारी २०२० अखेर एका फटक्यात ७८,००० हून अधिक कर्मचारी स्वेच्छानिवृत्तीच्या नावाखाली घरी पाठविले गेले, तिच्याकडून लाखो किलोमीटर तंतूची देखभाल चोख व्हावी अशी अपेक्षा करणे म्हणजे हातपाय बांधून पोहण्याच्या शर्यतीत उतरविण्यासारखे आहे. भारतनेटच्या पहिल्या टप्प्याचे जाळे एकपदरी होते. रस्तारुंदीकरणात तंतू तुटला की पुढचे गाव मुके होई, आणि तो जोडणारा माणूस जागेवर नसे. आता जाळ्याला वर्तुळाकार रचना देण्यात येत आहे, हे योग्यच आहे. पण माणसांची उणीव रचनेने भरून निघत नाही. स्पर्धेचे म्हणाल तर मोबाइल क्षेत्राचा अनुभव पुरेसा बोलका आहे. एके काळी डझनभर कंपन्या होत्या. उरल्या तीन खाजगी आणि एक सरकारी. जून २०२४ च्या अखेरीस तिन्ही खाजगी कंपन्यांनी दोन दिवसांच्या आत, एकापाठोपाठ एक, दरवाढ जाहीर केली. ग्राहकाने कोणाकडे जावे?

खेदाची गोष्ट ही की, डाव्या व समाजवादी चळवळीतही या प्रश्नाविषयी एक प्रकारची उदासीनता आहे. ब्रॉडबँड म्हणजे शहरी मध्यमवर्गाची चैन. पाणी, रेशन, मजुरी हे आपले प्रश्न, असे अनेक कार्यकर्ते मानतात. वस्तुतः रेशनचे धान्य मिळण्यासाठी आज दुकानातल्या यंत्रावर अंगठा लागतो आणि ते यंत्र जाळ्यावर चालते. १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या कामांवर मजुरांची हजेरी मोबाइलवरील छायाचित्राने घेण्याची सक्ती झाली. जेथे जाळे पोहोचत नव्हते तेथे दिवसभर राबलेल्या बाईच्या मजुरीवरच संकट आले. २०२० च्या टाळेबंदीत शाळा पडद्यावर गेली, तेव्हा कोणाची मुले वर्गाबाहेर राहिली हे सांगावयास नको. राज्यसंस्थेने आपली सर्व दारे या तंतूच्या टोकाशी नेऊन ठेवली आहेत. अशा वेळी तंतू नाकारणे म्हणजे नागरिकत्वच नाकारणे होय.

पर्याय नाहीत असेही नाही. स्वीडनची राजधानी स्टॉकहोम येथे १९९४ मध्ये स्थापन झालेली स्टोकाब ही नगरपालिकेच्या मालकीची कंपनी शहरभर तंतू टाकते आणि तो सर्व कंपन्यांना समान अटींवर भाड्याने देते. स्वतः मात्र सेवा विकत नाही. केरळने जून २०२३ मध्ये के-फॉन हे सरकारी जाळे सुरू केले. राज्य वीज मंडळाच्या खांबांचा त्यासाठी उपयोग करण्यात आला आणि वीस लाख गरीब कुटुंबांना मोफत जोडणी देण्याचा संकल्प सोडण्यात आला. पहिल्या टप्प्यात केवळ १४,००० घरांची निवड झाली, म्हणजे संकल्प आणि सिद्धी यांतील अंतर तेथेही मोठे आहे. परंतु संकल्पाची दिशा बरोबर आहे, हे मान्य केलेच पाहिजे.

महाराष्ट्राला तर सहकाराची परंपरा आहे. धनंजयराव गाडगीळ आणि विठ्ठलराव विखे पाटील यांच्या काळात शेतकऱ्याने प्रवरेकाठी कारखाना उभारला, तसे गावाने आपल्या गल्लीतले तंतूजाळे का उभारू नये? मात्र येथे भाबडेपणा उपयोगाचा नाही. त्याच प्रवरेच्या परिसरातील मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था थकबाकीच्या ओझ्याखाली दबली आणि २०११ मध्ये तेथील वीजवितरण महावितरणकडे गेले. सहकाराच्या नावाने गावचे सत्ताधारी घराणेच तंतूचे धनी झाले, तर खाजगी मक्तेदाराच्या जागी सरंजामी मक्तेदार येईल, एवढेच. म्हणून मालकी ग्रामपंचायतीची, हिशेब ग्रामसभेपुढे उघडा आणि देखभालीची जबाबदारी कायम नोकरीतील प्रशिक्षित तंत्रज्ञांवर, ही त्रिसूत्री सोडता कामा नये.

मागण्या स्पष्ट आहेत. भारतनेटचा एकही किलोमीटर तंतू विकला अथवा दीर्घ मुदतीने खाजगी हाती दिला जाऊ नये. शेवटच्या मैलातील नळ्या, खांब, स्प्लिटर व तंतू ही सार्वजनिक मालमत्ता असावी आणि सेवा देणाऱ्या सर्वांना ती समान भाड्याने मिळावी. पाडे, तांडे व वस्त्या यांना जोडणी प्रथम मिळावी, आणि गरीब घरांना ती विनामूल्य असावी. यासाठी निधी नाही ही सबब खोटी आहे. दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातून सार्वत्रिक सेवेसाठी आकार वसूल करण्याची व्यवस्था २००२ पासून आहे. तो पैसा याच कामासाठी आहे.

येत्या ग्रामसभांतून कार्यकर्त्यांनी एक साधा प्रश्न ठरावाच्या रूपाने मांडावा: आपल्या पंचायतीच्या कार्यालयापर्यंत आलेला तंतू चालू आहे काय, आणि नसेल तर कोणाच्या गैरहजेरीमुळे? पाण्याच्या नळासाठी गावाने जशी झुंज दिली तशीच या तंतूसाठी द्यावी लागेल. काच नाजूक असते हे खरे. पण ती एकदा दुसऱ्याच्या मुठीत गेली की परत मिळविणे फार अवघड असते.