मुंबई ते लंडन : अंतर व वेळ

मुंबईहून लंडन किती दूर, असा प्रश्न वर्गांत टाकला कीं हल्लीं उत्तर तत्काळ येतें : "नऊ-दहा तास." प्रश्न अंतराचा, उत्तर वेळेचें, आणि तेंही कोणीतरी सांगितलेलें. मुलांस आकडा ठाऊक असावा, याविषयीं आमचें कांहींच म्हणणें नाहीं. परंतु तो कोठून आला, हें विचारण्याची जिज्ञासा मंदावत चालली आहे, व घरींही ती फारसें कोणी जागी करीत नाहीं, ही आमची तक्रार आहे.

पालकांनीं घरांत एक पृथ्वीगोल व हातभर दोरा अवश्य ठेवावा. सामान्य भिंतीवरच्या नकाशांत हीं दोन शहरें पट्टीनें जोडलीं, तर रेघ दक्षिण तुर्कस्थानावरून जाते. दोरा गोलावर ताणून धरिला, तर तो उत्तरेस सरकून इराण ओलांडतो व कॉकेशसच्या डोंगरांवरून युक्रेन-पोलंडकडे वळतो. जवळची वाट ती हीच. ती पृथ्वीच्या परिघाचे सुमारें ६५ अंश व्यापिते. एका अंशास १११ किलोमीटर धरिले, तर अंतर सुमारें ७,२०० किलोमीटर भरतें. हा गुणाकार पांचवीच्या मुलासही येतो!

विमान ताशीं ९०० किलोमीटर जातें. मग आठच तास कां लागूं नयेत? चढण्या-उतरण्यांत वेळ जातो, हें एक. दुसरें असें कीं, दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. जातांना तो तोंडावर येतो, परततांना पाठीशीं असतो. त्यांत घड्याळाचा घोटाळा निराळाच. हिवाळ्यांत मुंबईचें घड्याळ लंडनच्या साडेपांच तास पुढें असतें. दुपारीं दोनला मुंबई सोडणारा दहा तासांच्या प्रवासानंतर तेथील सायंकाळच्या साडेसहाला उतरतो, आणि नुसती वजाबाकी करणारा म्हणतो, साडेचारच तास लागले.

सर्वांत मोठा अडथळा मात्र वाऱ्याचा नव्हे, माणसांचा आहे. फेब्रुवारी २०२२ मध्यें युद्ध पेटतांच युक्रेनचें आकाश प्रवासी विमानांस बंद झालें. पाकिस्ताननें २०१९ सालीं कांहीं महिने व पुन्हां एप्रिल २०२५ मध्यें भारतीय विमानांस आपल्या आकाशांतून जाण्यास मनाई केली. म्हणजे दोऱ्याची सरळ वाट दोन ठिकाणीं तुटली. वळसा आला कीं इंधन वाढतें, इंधनाबरोबर खर्च वाढतो. भूगोल व इतिहास हे दोन वेगळे तास आहेत, असें मानणाऱ्यांनीं याचा विचार करावा.

आजच्या वेळेची तक्रार करणाऱ्यांस एक आठवण द्यावीशी वाटते. ८ जून १९४८ रोजीं 'मलबार प्रिन्सेस' हें विमान मुंबईहून निघालें, व कैरो आणि जिनीव्हा येथें थांबत १० जूनला लंडनास पोंचलें. त्याच्याही पूर्वीं, १८६९ मध्यें सुवेझचा कालवा खुला होईपर्यंत, जहाजांस आफ्रिकेच्या दक्षिण टोकास वळसा घालून महिनोगणती समुद्रावर राहावें लागे.

आतां विद्यार्थ्यांनीं मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणून पाहावा. न्यूयॉर्क आइसलंडाच्या कितीतरी दक्षिणेस असतां दोरा आइसलंडावरून कां जातो, याचें उत्तर कोणास न विचारतां शोधून आम्हांकडे लिहून द्यावें.